जुळणी

चूक माझीच. लॅपटॉपचा अडॅप्टर
हार्ड डिस्कच्या तोंडात कोंबला: एकोणीस व्होल्ट,
जिथे बाराची सवय.
ठिणगी दिसली नाही. नुसता वास आला
खोबरं करपल्यासारखा,
आणि बार्न्सलीतल्या भाड्याच्या खोलीत मी
अर्ध्या रात्री खिडकी उघडून उभी.

आतल्या तबकड्या धड आहेत, असं सगळे म्हणाले.
मेलंय ते पाठीवरचं हिरवं पान,
काळ्या फोडासकट.
तसंच दुसरं आणायचं.

तसंच म्हणजे कसं?
कंपनी तीच, मॉडेल तेच, हे नुसतं आडनाव झालं.
भिंगाखाली वाचत गेले: बोर्डाचा नंबर, शेवटचं अक्षर,
कुठल्या देशात, कुठल्या महिन्यात जन्म.
आमच्या आत्यानं एवढी चौकशी
तीन भाच्यांची लग्नं लावताना केली नव्हती.
आणि लग्नात सगोत्र टाळतात;
इथे सगोत्रच हवं.
लीड्सहून एक आला. अक्षर वेगळं. परत.
वेकफील्डच्या भंगारवाल्याकडे खोकंभर बोर्ड,
एकही आपला नाही.

सातव्या आठवड्यात क्लिफर्ड हेपवर्थ.
रविवारचा बाजार, चिखलाचं मैदान, गाडीची डिकी उघडी,
थर्मास, दोन रिकामे पिंजरे,
आणि बुटाच्या खोक्यात ती.
नंबर तोच. अक्षर तेच.
वर चिकटपट्टीवर पेनानं: कबुतरं, २०११ पर्यंत.

‘चालते का?’
‘चालते म्हणून तर विकतोय, पोरी.’
मग त्याला सांगावं लागलं
की मला चालणारीच हवी,
आणि चालणारीच मोडायची आहे.
तो पिंजऱ्यांकडे बघत राहिला.
म्हणाला, नकला काढून ठेवल्यात. चार पौंड.
मी दहाची नोट दिली.
त्यानं सहा मोजून परत केले.

सहा स्क्रू, चांदणीच्या तोंडाचे.
बोर्ड चपखल बसला. डिस्क उठेना.

कारण जुन्या बोर्डावर एक चिप असते, आठ पायांची,
मसुरीएवढी,
तिच्यात त्या एकाच डिस्कच्या खोडी लिहिलेल्या.
घरजावई कितीही गुणाचा असो,
कुठला दरवाजा कुरकुरतो ते कुणीतरी सांगावं लागतं त्याला.
फोन दुरुस्त करणाऱ्या रिझवाननं
गरम हवेनं ती उचलली, इकडची तिकडे ठेवली.
तेवढा वेळ दुकानात कुणी खोकलंसुद्धा नाही.

फिरली.

पहिलीच फाईल: कर्जतजवळचा डोंगर, दुपार,
मी सोमी हिलमला एका पक्ष्याचं नाव विचारते
आणि नाव सांगण्याआधी ती हसते,
हे काय विचारणं झालं, असं.
बाराशे कातकरी शब्द आहेत पुढे.
त्या रात्री मी तेवढं हसणंच ऐकलं, नऊदहा वेळा.

हेपवर्थची डिस्क टेबलावर उताणी, उघडी.
बघवेना.
माझा करपलेला बोर्ड तिच्या पाठीवर ठेवून
सहाही स्क्रू आवळले.
उपयोग शून्य, ठाऊक आहे.
चिकटपट्टी तशीच आहे.