पन्हळ

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या पाठीला
माझं धारेचं दुकान. शटर अर्धंच उघडतं.
टेलरांच्या कात्र्या येतात,
ईदच्या आधी सुऱ्या,
गणपतीत डेकोरेशनवाल्यांचे कटर.
बुटांनाही धार लावायची असते
हे ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी कळलं.

बाबर मॅडमनी गोणपाटातून बूट ओतले, अकरा जोड,
कुठल्याशा थंड देशातल्या पोरींनी वापरून टाकलेले.
"सुरीसारखी नको, दस्तगीरभाई.
पातं एक, धारा दोन,
मधे पन्हळ."
आणि नखानं पात्यावर रेघ ओढली.

पहिले दोन जोड मी बिघडवले.
मग दगडालाच गोलाई दिली, एक रात्र घासून.
बिघडलेल्यांचे पैसे लावले नाहीत,
त्याही काही बोलल्या नाहीत.

एकदा पाहायला गेलो, सहकारनगरच्या रिंकवर,
पहाटे साडेपाच. सिमेंट. पोरी चाकांवर.
गोलच्या मागे कुत्रं झोपलेलं.
"बर्फ कुठाय?" मी विचारलं.
फिरदौस म्हणाली, "डोक्यात."
त्याच आठवड्यात तिच्या हनुवटीला तीन टाके पडले.

गोल राखायला तेजल कुदळे. भावाचे क्रिकेटचे पॅड,
बापाचं हेल्मेट, त्यावर अजून दूध डेअरीचा स्टिकर.
"काका, माझी जरा बोथट ठेवा.
मला पुढं नाही, आडवं सरकायचं असतं."
चाळीस वर्षांत
बोथट मागणारं पहिलं गिऱ्हाईक.

नोव्हेंबरात चाकांवरच कोल्हापूरकडून हरल्या, सात-दोन.
डिसेंबरात निर्झराची आई बूट घेऊन आली.
"यंदा दहावी आहे हो."
एवढंच. मी खिळ्याला टांगले.
संध्याकाळी काढून धार लावली, परत टांगले.
का ते विचारू नका, हात रिकामे होते.

जानेवारीत झेलम एक्स्प्रेस.
पाती एरंडेल लावून पेपरात गुंडाळून दिली.
स्टिका बर्थखाली मावेनात,
एका काकूंनी पाय वर घेतले
आणि तशाच बसल्या, म्हणे, दौंडपर्यंत.
अंबाल्याला उतरून पुढं बस, आणखी बस,
मग एक गोठलेलं तळं. ते मी ऐकलेलं.

चार सामने. तीन हरल्या, एक बरोबरीत.
पूर्ण मोसमात बर्फावर एकच गोल,
तोही कुणाच्या तरी गुडघ्याला लागून गेलेला.
मॅडमनी मोबाइलवर दाखवला.
मला नुसतं पांढरं दिसलं, पिंजलेल्या कापसासारखं,
त्यात रंगीत ठिपके, चकती तर नाहीच दिसली.
पण एक पोरगी पळता पळता आडवी झाली, थांबली, आणि
खर्रर्र.
म्हटलं, मॅडम, मागं घ्या.
परत खर्रर्र.
हा आवाज माझा आहे.
माझ्या दगडाचा, रोजचा,
शेजारी ज्याच्यावरून भांडतो तो.

फेब्रुवारीअखेर बूट परत आले.
गंज, खाचा. तळ्यात म्हणे खडे गोठलेले असतात.
तेजलच्या पात्यांवर सगळे ओरखडे आडवे.
तेवढी पाती तीन दिवस
तशीच ठेवली, दुसरी कामं आधी केली.

मार्चात, भूगोलाचा पेपर झाला त्या दुपारी
निर्झरा आली. पॅड आणि कंपासपेटी काखेत.
खिळ्यावरचा जोड उतरवला, अंगठा टेकवला पात्याला
आणि झटकन मागे घेतला.
"ही तर कोरी आहे."
"वापरलीच नाहीस."
बाहेर रसवंतीचा घुंगरू वाजत होता.
"पुढच्या वर्षी पाय वाढला तर?"
म्हटलं, माझं काम पात्यांचं, पोरी, पायांचं नाही.
तिनं बूट पिशवीत घातले. किती झाले, विचारलं.
साठ, मी म्हणालो.
तिनं सुटे मोजून दिले.
मी घेतले.