माती वजा

लिलावाच्या कागदात होतं:
डिझेल शंटर, एक नग, बिनचालू,
जसे आहे, जिथे आहे, तसे.
वाचून हसलो. मी निवृत्त झालो
तेव्हा मलाही शालीऐवजी
हेच लिहून द्यायला हवं होतं.

मुरगाव बंदराची मागची साइडिंग,
रूळ घाणेरीत शिरतात आणि बाहेर येत नाहीत.
चार नंबर तिथं उभं. पिवळा रंग उरलाय तो फक्त
शिडीच्या आतल्या अंगाला, जिथं ऊन पोचत नाही.
दांडा धरला तर तळहाताला
खाणी बंद पडल्या त्या वर्षापासूनची पोपडी.

मला बोलावलं, कारण आत कुठं काय
हे सांगणारा दुसरा कोणी राहिला नव्हता.
कायतान होता; तो केळशीला मुलीकडे, पायानं अधू.
फोनवर म्हणाला, "बॅलस्टच्या लाद्या मोजून घे.
पुढं अठरा, मागं सतरा.
मागची अठरावी माझ्या होडीचा नांगर झाली.
सांगून टाक आता, पेन्शन कोण कापतो बघू."

हुबळीचे इमामसाब हुलगूर आले,
पांढरा सदरा, खिशात लोहचुंबक.
म्हणाले, मशीन चालू झालं तर त्याचा भाव वेगळा.
ट्रकच्या दोन बॅटऱ्या जोडल्या, डिझेल गाळून ओतलं,
एकेका नळीतली हवा काढली. बोटांना
सगळं आठवत होतं, मला विचारत नव्हती ती.
तीनदा खोकलं. चौथ्यांदा
आधी काळा धूर, मग निळा, मग नुसतीच थरथरती हवा,
आणि पायाशी ठेवलेल्या डब्यात
पाण्यावर बारीक वर्तुळं.
इमामसाबांनी वहीतला आकडा खोडून मोठा केला.
बार्जवर बसवतील, म्हणाले, मांडवीत.

मग भोंगा दाबला.
वाजला नाही.
वर चढून पाहिलं: कर्ण्याच्या तोंडात
कुंभारमाशीचं घर, पाच खोल्यांचं, लाल,
नखानं न फुटणारं.
आमच्या बायकांच्या वाळत घातलेल्या चादरी
ज्या धुळीनं कधी पांढऱ्या राहू दिल्या नाहीत
तिचंच.

गॅसकटरवाल्या पोरांना चार दिवस लागले.
चाकं एका ट्रकात, चौकट दुसऱ्यात.
केबिनच्या पत्र्यावर कायतानचा सांत आंतोन
आणि माझा दामोदर, दोघं एकाच चिकटपट्टीखाली.
पोरानं ज्योत बाजूला धरली, सोलून हातात दिले,
सुटे झाले नाहीत.

काट्यावर इमामसाब म्हणाले, माती वजा करा.
खरवडली मग. चौकटीच्या खाचांतून, ब्रेकच्या मागून,
वाळूच्या पेट्यांच्या बुडातून,
मीही माझ्या हातानं कधी न पुसलेल्या जागांतून
साडेतीन क्विंटल.
मी म्हटलं, ही माती नव्हे.
एकोणतीस वर्षं हिलाच ढकलत होतो आम्ही जहाजाकडे.
लोखंडच आहे साहेब, फक्त अजून झालेलं नाही.
ते म्हणाले, झालं की आणा.

ढीग तिथंच आहे. कुत्री दुपारची त्यावर निजतात.

भोंगा मी मागून घेतला.
पावती: पितळी, एक नग, निकामी, तीनशे चाळीस रुपये.
बायण्याच्या घरात खिडकीवर ठेवला.
सून म्हणाली, वाजतो का?
म्हटलं, भाडेकरू आहेत.

तिसऱ्या दिवशी माशी आली.
तीच, असं म्हणत नाही मी.
सहावी खोली बांधायला घेतलीय.
सुनेच्या कुंड्यांत विकतची काळी माती आहे, ओली,
दोन हातांवर.
तिकडं बघतही नाही ती.
दूर कुठं जाते कोण जाणे, बराच वेळ लावते,
आणि येते ती
लाल घेऊन.