पाच घरांचा नेम

होळी झाली की ते येत,
एकेकटे, बेंबळेच्या पुलाकडून.
अंगावर राखेच्या रंगाचं चिलखत,
शनीच्या कड्यांतली धूळ सांध्यांत अडकलेली,
खांद्यावर झोळी नाही,
वेटोळं केलेली काळी वायर.

त्यांच्या पंथाचा नेम असा:
शस्त्रातली वीज मागून आणलेली हवी.
सरकारी नको, लुटीची नको, विकतचीही नको.
पाच दारं. सहाव्या दारी उभं राहायचं नाही.
मिळेल तेवढंच लढायचं,
नाही मिळालं तर रिकाम्या हातानं मोर्च्यावर बसायचं,
येईल ते येऊ द्यायचं.

गावाला त्याचं अप्रूप उरलं नव्हतं.
गोमाजीनं ओसरीतलं सॉकेट दाखवलं,
मोजून तीन मिनिटं, घड्याळाकडे बघत.
उइक्यांच्या सुनेनं पाण्याची मोटार थांबवली.
मास्तर पंखा बंद करून घाम पुसत म्हणाले,
"आमचंही पुण्य लिहून ठेवा."
तो काही लिहीत नव्हता.
चौथ्या घरचे लग्नाला गेलेले.
कुलूपही दारात धरायचं असतं.

पाचवं घर पार्बता कोडापेचं.
छपरावर एकच सौर पाटी, तीही तडकलेली.
ती चुलीसाठी पऱ्हाट्या मोडत होती.
हात न थांबवता म्हणाली,
"मांगच्या साली तुह्या भावानं नेली व्हती इथून.
तिच्यानं किती मेले?"

नेमात याला उत्तर नव्हतं.
मौन होतं, पण ते उत्तर नव्हे
हे त्यालाही कळलं असावं,
कारण त्यानं शिरस्त्राण काढलं.
विशी-बाविशीचं पोरगं, कपाळावर वळ,
ओठ फुटलेले.
त्यानं एक बोट वर केलं.
बऱ्याच वेळानं दुसरं.
मग हात तसाच राहिला,
तिसरं उघडावं की नाही, ठरेना.

"बस," ती म्हणाली. "वायर गुंडाळ."
आत जाऊन ज्वारीची भाकर आणली,
वर अंबाडीची भाजी, फोडलेला कांदा.
"हे घे. याच्यानं कोनी मरत नाई."

नेमात भाकरीचं काही नव्हतं,
म्हणजे मनाईही नव्हती.
पोलादी बोटांनी घास मोडेना
तेव्हा त्यानं एक हातमोजा काढला,
मग दुसरा.
मी कुंपणावर बसलो होतो. त्याची नखं
माझ्या थोरल्या भावासारखी खाल्लेली होती.

दिवेलागणीला तो पुलाकडे गेला.
पुढचं गावात कुणाला माहीत नाही.
वायर तिथंच राहिली, विसरली की ठेवली कोण जाणे.
पार्बता तिनं शेळी बांधते.
कुणी मागायला आला तर देईन, म्हणते,
पन आदी इचारीन.