छाट

नवरात्रात डावा हात गेला, डावा पाय गेला,
तोंडाचा एक कोपरा.
संक्रांतीपर्यंत पाय परत आला,
काठी धरून, कुरकुरत,
रुसून गेलेला पाहुणा यावा तसा.
हौसा मात्र आली नाही.

निपाणीत आमच्या गल्लीला वखारीचा खाट उठला
की कुत्रीसुद्धा शिंकतात.
ती भिंतीकडं तोंड करून,
शिंकतही नव्हती.
"जेवतीस?" "ठेवा."
"उन्हात बसतीस?" "नको."
चाळीस वर्षं दिवसाला हजार विड्या वळता वळता
चार घरांची भांडणं मिटवणारी बाई
एकेका शब्दावर आली.

गंगव्वा म्हणाली, मनसिगे हच्चिकोंडाळ, मनाला लावून घेतलंय,
स्तवनिधीला नारळ ठेवा.
लेक इचलकरंजीहून फोनवर: आई, व्यायाम कर, मनावर घे.
आणि मी, हमालीत पोती उचलून उचलून
माणसंही तशीच उचलता येतात असं वाटणारा मी,
एका सकाळी ओरडलो: हट्ट सोड!
तिनं डोळे मिटले फक्त.
ते मिटणं अजून माझ्या बरगडीत आहे.

चिकोडीची पट्टणशेट्टी डॉक्टरीण
अर्धी कन्नड, अर्धी मराठी.
हात-पाय बघितले, मग खुर्ची जवळ ओढली.
झोप लागते? खावं वाटतं? रडू येतं?
आपला सगळ्यांना भार झालाय असं वाटतं?
शेवटी, आवाज न बदलता:
"आज्जी, मरावं वाटतं काय?"
"रोज,"
हौसा म्हणाली,
दूध किती घेता असं कुणी विचारल्यासारखं.
मी शेजारीच बसलो होतो.
रोज मी शेजारीच बसलो होतो.

"काका, हा हट्ट नव्हं.
झटका आला की हात जातो तशी उमेद बी जाते.
हात दिसतोय, ती दिसत नाही, एवढाच फरक.
त्याला औषध आहे.
पंधरा दिवस काही कळणार नाही. गोळी चुकवू नका.
बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका.
एकटं सोडू नका.
आणि घरात धार असलेलं काय आहे?"

कात्री.
पानं कापायची, तिच्या अंगठ्यानं झिजलेली.
त्या रात्री मी ती जोंधळ्याच्या कणगीत खुपसली.

पहिले पंधरा दिवस: तोंड कोरडं पडलं, बाकी काही नाही.
तिसरा आठवडा: काही नाही.
मी तिची वेणी घालायला शिकलो.
तीन पेडांची गोष्ट माझ्याकडून दोनच पेडांत संपायची.
दर मंगळवारी डॉक्टरीण फोन करी,
बोलत मीच, ऐकत हौसा.
मग एकदा तिनं हात पुढं केला, फोन घेतला,
"हां" म्हणाली, परत दिला.

सहाव्या आठवड्यात, घास तोंडात असतानाच:
"आमटीत मीठ कुणी घालायचं, तुझ्या बापानं?"
मी नळावर जाऊन तोंड धुतलं.
दोनदा धुतलं.

त्यानंतरच्या रविवारी म्हणाली,
"कात्री कुठं ठेवलीस?"
माझ्या पोटात गोळा.
खोटं बोलावं वाटलं, बोललो नाही. डॉक्टरणीला विचारलं.
ती बराच वेळ हौसाशीच बोलली,
मग मला म्हणाली, "शेजारी बसून द्या. काम झालं की परत ठेवा."

रात्री गोणपाटात पानं भिजवली.
सकाळी सूप माझ्या मांडीवर.
पान मी धरलं, माझ्या डाव्या हातानं,
कापलं तिनं, तिच्या उजव्या.
जर्दा सांडला. दोरा दोनदा सुटला.
तिचा डावा हात मांडीवर तसाच,
झोपलेल्या मांजरासारखा,
मधूनच एक बोट हललं की मला भास झाला,
विचारलं नाही.

वळून झाली ती विडी
पोटात फुगलेली, एका टोकाला वाकडी.
तिनं उजेडात धरली, फिरवली:
"ही मुकादम छाटीत टाकील."

"टाकू दे."

"टाकू दे काय? दुसरं पान घे.
आणि नीट धर. हलूलायस."