सामायिक

कुताइसीत रिओनी नदीच्या पुलाखाली उतरलं की
एक छापखाना आहे. त्याला दारं दोन.
पूर्वी एकच होतं.
मग ओटिया आणि जुम्बेर, सख्खे साडू,
कागद कापायच्या यंत्रावरून असे भांडले
की मधे प्लायवूड उभं राहिलं
आणि दोघांत विळ्याभोपळ्याचं.

अलीकडे ओटिया: जुनं विंडोज, त्याला आता कुणी विचारत नाही,
पण छपाईचं धूड फक्त त्याचंच ऐकतं.
पलीकडे जुम्बेर: मॅक, कारण लेबलं काढणारी मुलगी
दुसऱ्या कशाला हात लावत नाही.
आणि चार वर्षं नानुली,
एकाची बायको, दुसऱ्याची मेहुणी,
एप्रनच्या खिशात पेनड्राइव्ह घालून
या दारातून बाहेर, त्या दारातून आत.
बर्फातसुद्धा.

यंदा गुडघ्यांनी नकार दिला.
तिनं भाच्याला बोलावलं.

त्याचं नाव गेला.
हसू नका, तिकडे चांगलं नाव आहे, त्यात लांडगा असतो.
तर गेला आला.
सोबत लिनक्सवाला लॅपटॉप,
झाकणावर अर्धा सोललेला पेंग्विन,
आणि एक गिरमिट.

भोक पाडताना कुणी काही बोललं नाही.
भुसा मात्र दोन्हीकडे पडला.

निळी वायर ओवली. पत्ते वाटले:
आडनाव एक, शेवटचा आकडा तेवढा ज्याचा त्याचा.
मग एका यंत्राकडून दुसऱ्याला हाक:
आहेस का?
उत्तर नाही.
आहेस का?
विंडोजची फायरवॉल, मालकासारखीच,
ऐकू येऊनही गप्प.

ती समजावली, तर पासवर्ड अडला.
जुनं यंत्र ज्या बोलीत बोलतं
ती नव्यांनी धोक्याची म्हणून टाकलेली.
गेलानं आपल्या लॅपटॉपवर सांबा बसवला, दुभाष्या म्हणून:
इकडचं जुनं ऐकायचं, तिकडे नवं सांगायचं,
पदरचं काही घालायचं नाही.
लॅपटॉप आता इथेच राहणार
हे त्याला तेव्हा कळलं.

त्यांच्या लिपीत, आपल्यासारखंच,
अक्षरांना थोरलं-धाकटं नसतं.
फोल्डरला त्यानं त्याच लिपीत नाव दिलं: साएर्तो,
म्हणजे सामायिक.
जुन्या पडद्यावर सहा चौकोन उमटले.
असू देत. चौकोन उघडत होते.

द्राक्षं उतरली होती, बाटल्या खोळंबल्या होत्या.
मुलगी जेवायला गेली ती लेबल उघडं टाकून,
आणि ओटियाच्या पडद्यावर आलं:
फाईल दुसरीकडे उघडी आहे. वापरणारा: जुम्बेर.

त्यानं परत दाबलं. तेच.
नानुलीकडे पाहिलं.
ती गुडघ्याला मलम चोळत होती, मान वर न करता.

शेवटी तो वाकला, वायरीच्या भोकाशी
(जरा मोठंच पडलं होतं ते),
आणि म्हणाला, "बंद कर."

पलीकडे खुर्ची सरकली.
"काय?"
"ते लेबल. त्सोलिकौरीचं. मला छापायचंय."
बराच वेळ नुसता माउस.
"मला नाही येत. मुलगी येऊ दे."
"डावीकडे वर. लाल ठिपका असेल."
"तुला काय माहीत?"

ओटिया काही बोलला नाही.
नानुलीनं मलमाचं झाकण लावलं.