डावी कांब

दोन मीटर आठ सेंटीमीटर.
दरवेळी तिथेच.
कालव्याचं लोखंडी दार कुरकुरत वर येतं
आणि दोन मीटर आठवर थांबून तांबडा दिवा लावतं:
वाकडं झालंय.
पलीकडे पाच बोटी खोळंबल्यात,
एकीची डोलकाठी आडवी होत नाही,
आणि छपरांसाठी बोरूच्या पेंढ्या घेऊन निघालेला सित्से
दर दहा मिनिटांनी भोंगा वाजवून
फ्रिझियन भाषेत काहीतरी विचारतो.

बाउक्ये उत्तर देत नाही.
नवं मॉड्यूल तिनेच बसवलं काल,
रॅकच्या तिसऱ्या खाचेत. टक् झालं ते
अजून अंगठ्यात आहे तिच्या.
चोवीस व्होल्ट, मोजून घेतलेले.
डावी कांब नवी, उजवी जुनीच, अठरा वर्षांची.
शून्य लावलं, पुरती उंची लावली, आकडे भरले,
हिरवा दिवा लागला
तेव्हा कुठे तिने लवंगा घातलेल्या चीजचा तुकडा
तोंडात टाकला होता.

कांबेच्या पोटात एक तार असते.
मॉड्यूल विचारतं: दार कुठवर आलं?
प्रश्न तारेतून धावतो,
चुंबकापाशी तारेला इवलासा पीळ पडतो
आणि तो पीळ चालत चालत मागे येतो.
उत्तरात शब्द नसतो.
यायला किती वेळ लागला, एवढंच.
त्या उशिराला आपण अंतर म्हणतो.

आधी तिला वाटलं, पंपाची केबल.
डाव्या बाजूचा शेवटचा अंक थरथरत होता,
ताप आलेल्या माणसासारखा.
उघडून पाहिलं तर वायरची जाळी
दोन्ही टोकांना अर्थिंगला जोडलेली.
कोणी बांधलं हे, असं ओरडणार होती
तोच आठवलं: मीच.
एक टोक सोडलं. थरथर गेली.
दार चढलं.
दोन मीटर आठ.

मग ती शिडीने वर गेली,
ओल्या लोखंडावर पाणसळ ठेवली.
बुडबुडा मधोमध.
स्क्रीन म्हणते दहा मिलिमीटर, म्हणजे तीन सूत आणि वर केसभर;
बुडबुडा म्हणतो, छे.
अंगण सरळच आहे बाई,
वाकडं म्हणणाऱ्याकडे बघ.

खाली, दार मिटलेलं: फरक शून्य.
मीटरभर वर: जवळजवळ पाच.
दोन मीटरवर: साडेनऊच्या पुढे.
ढिल्या स्क्रूला एवढी शिस्त नसते.
तिने हे तीन आकडे तळहातावर लिहिले
आणि बघत राहिली.

गेर्लोफ सायकलवरून आला, कोणी बोलावलं नसताना.
निवृत्त होऊन चार वर्षं झाली, एक कान गेलाय,
तरी भोंगा त्याला घरी ऐकू येतो.
तळहात वाचला. म्हणाला,
“वेग कुठला घातलास?”
तिने कपाटाच्या दारामागची चिठ्ठी दाखवली,
पिवळी पडलेली, सेलोटेप सुटलेला:
डावी, २८४१.०
“तुमचंच अक्षर.”
“अक्षर माझं. आकडा तिचा.
जी भंगारात गेली तिचा.”

बाउक्येने नव्या कांबेच्या डोक्यावरचं ग्रीस
अंगठ्याने पुसलं.
कोरलेलं होतं, तांदळाएवढं:
२८२७.४
प्रत्येक तारेची चाल निराळी;
कारखान्यात मोजून तिच्याच अंगावर लिहून पाठवतात,
आणि आपण मेलेलीच्या चालीने
जिवंत असलेलीचा उशीर मोजत बसतो.

आकडा बदलला. दार चढलं.
दोन मीटर आठ आलं, गेलं,
कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.
तीन मीटर दहा.
सित्सेने जाताना भोंगा दिला, लांब,
आणि बोरूची एक पेंढी पाण्यात पाडून गेला.

चिठ्ठी ती फाडणारच होती.
गेर्लोफने पेन मागितलं,
जुन्या आकड्यावर एकच रेघ मारली,
खालचा आकडा वाचता येईल अशी,
आणि विचारलं, ते चीज
संपलं की आहे थोडं.