पुलावरची

अकरा तारखेपासून ती पुलावर उभी आहे.
हातात कंदील, मागे एक हट्टी खेचर.
अंगावर बर्फ पडतो, साचत नाही.
पलीकडे तिचा भाऊ आहे, की त्याची नुसती टोपी,
हे मला अजून कळायचंय.

माझी फर्स्ट शिफ्ट, अंबडला.
सव्वासहाला पाथर्डी फाट्यावर कंपनीची बस.
दिवसभर बेअरिंगच्या कड्या तपासतो मायक्रॉनमध्ये
आणि एखादी कडी बोटांत फिरवताना मध्येच आठवतं,
खेचराला चारा घातला होता का आपण?

संध्याकाळी नळाला तासभर पाणी,
मैथिलीचे अपूर्णांक, सिलिंडरचा नंबर,
निफाडहून आईचा फोन:
"चार अंशावर आलंय रे, द्राक्षांपाशी शेकोट्या पेटवल्यात."
मी म्हणतो, हो, इकडेही फार आहे.
इकडे म्हणजे कुठे, ते सांगत नाही.

शनिवारी सुट्टी.
शनिवारीच वीज जाते, दुरुस्तीसाठी, नऊ ते पाच.
काळ्या पडद्यात मीच दिसतो,
दाढी वाढलेला, मांडीवर लसणाच्या पाकळ्या.

मग उरतात रात्रीची पस्तीस मिनिटं.
त्यातली बारा अपडेट खातं,
सहा जातात मागचं आठवण्यात.
हा म्हातारा कोण? याला मी कसलं वचन दिलं होतं?
तो म्हणतो, "तू परत येशील हे मला माहीत होतं."
इतक्या खात्रीनं माझ्याशी
बरेच दिवस कुणी बोललेलं नाही.
तेवढ्यात डोळा लागतो.
हातातला कंट्रोलर थरथरत राहतो थोडा वेळ.

काल लावलं, तर पूल रिकामा.
छातीत धस्स झालं.
सापडली धर्मशाळेत, जाळापाशी,
बूट वाळत घातलेले,
खेचरसुद्धा आत.

कांचनची सेकंड शिफ्ट, मुंबई नाक्याला, आयसीयूत.
ती येते साडेअकराला, तेव्हा मी घोरत असतो.
आज पहाटे डबा भरता भरता विचारलं.
उशीतूनच म्हणाली,
"परवा झोपच येईना. बारा नंबरचे आजोबा गेले.
टीव्ही लावला, तर ही तशीच उभी.
किती दिवस थंडीत ठेवलीस रे तिला!
म्हटलं, आत नेऊन बसवावी."

आणि भाऊ?

"टोपीच होती नुसती," ती म्हणाली.
मी एका पायात बूट घालून उभा.
"पण कोरडी होती. एवढ्या बर्फात…"
आणि झोपली.

आज तीनशे कड्या तपासल्या.
कोरडी कशी?

आत्ता फ्रिजवर चिठ्ठी लावतोय:
दूध तापवलंय.
मैथिलीच्या वहीवर तुझी सही राहिली आहे.
तिला आज नदीपर्यंतच ने,
नदीपलीकडचं मला ठेव.